जावयाचं डच आडनाव

मुलीने लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावायचं ठरवलंय, हे मला तिच्या आईकडून कळलं. आमच्या घरात वाईट बातम्या याच मार्गाने येतात. बॉनमधल्या आमच्या स्वयंपाकघरात मी भेंडी चिरत होतो, बायको कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली की स्टान्डेसआम्टात, म्हणजे इथल्या विवाह नोंदणीच्या कचेरीत, लग्नानंतर कुठलं आडनाव लावणार ते आधी सांगून ठेवावं लागतं, आणि पोरीने त्याचं सांगायचं ठरवलंय. मी सुरी खाली ठेवली. भेंडी तशीच राहिली आणि त्या दिवशी आम्ही दहीपोहे खाल्ले.

मी तापट आहे. हे मला मान्य आहे, फक्त दुसऱ्या कुणी म्हटलेलं चालत नाही. त्या दिवशी मी बरंच बोललो. आमची एकुलती एक मुलगी, तिने नाव सोडलं की ते माझ्याबरोबर संपलं, शिवाय इथल्या कायद्यात तर ज्याचं त्याने आपापलं ठेवायची सोय आहे, मग ही घाई कशाला, असं सगळं. बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, माझं आडनाव बदललं तेव्हा तुम्ही पेढे वाटले होते." मी म्हटलं, ते वेगळं होतं. ती म्हणाली, बरं. कसं वेगळं, हे तिने विचारलं नाही ते बरंच झालं.

पण वेगळं होतं, आणि का ते इथे सांगतो. आमचं आडनाव माझ्या वडिलांनी स्वतः घेतलेलं आहे. जन्माने त्यांना मिळालेलं आडनाव असं होतं, की ते ऐकल्यावर समोरच्याला पुढचं काही विचारावं लागत नसे. शाळेत हजेरी घेताना मास्तर त्या नावाशी आले की त्यांचा आवाज बदलायचा. पुढे घरात धम्मदीक्षा झाली, वडील शहरात कॉलेजला आले, आणि त्यांनी आमच्या गावाच्या नावाला 'कर' जोडून ते लावायला सुरुवात केली. त्या गावाने त्यांना विहिरीला हात लावू दिला नव्हता. मी कॉलेजात असताना एकदा त्यांना फणकाऱ्याने विचारलं होतं, की ज्यांनी हे केलं त्यांच्याच गावाचं नाव कशाला लावायचं? ते शांतपणे म्हणाले, या नावाने चारचौघांत मिसळता येतं, आणि गाव काय त्यांच्या एकट्याच्या बापाचं आहे का?

मिसळता येतं, पण अर्धवटच. ज्याला शोधायचंच आहे तो शोधतो. आपल्या माणसांची यात एक पद्धत असते आणि ती सातासमुद्रापलीकडेही बोटीतून, विमानातून सुखरूप येते. ड्युसेलडॉर्फला मराठी मंडळाच्या जेवणाच्या रांगेत माझ्यामागे उभा असलेला, कालपरवा पुण्याहून आलेला माणूस आधी आडनाव विचारतो. मग हसून विचारतो, म्हणजे मूळ गाव कुठलं? गाव सांगितलं की म्हणतो, हो का, तिथे आमचे अमके अमके आहेत, ओळखता का? मग वडील काय करायचे. मग कुलदैवत कोणतं. आणि तरीही पत्ता लागला नाही तर शेवटी एक वाक्य अर्धं सोडून देतो, "म्हणजे तुम्ही नेमके…" आणि माझ्याकडे प्रेमाने बघत राहतो. ते वाक्य मी कधीही पूर्ण करून दिलेलं नाही. मी कोशिंबीर वाढून घेतो आणि पुढे सरकतो.

आणि मुलीला मी यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं. आपण बौद्ध आहोत हे तिला माहीत होतं, जसं शेजारच्या मुलीला आपण कॅथलिक आहोत हे माहीत असतं. शाळेत असताना एकदा भूगोलाच्या पुस्तकात भारताच्या धड्यात एक त्रिकोण आला. वर कोण, मधे कोण, खाली कोण, आणि त्रिकोणाच्याही बाहेर कोण. ती घरी येऊन जर्मनमध्ये म्हणाली, पापा, यात आपण कुठे? मी म्हटलं, आपण यात नाही. आपण बौद्ध. ती म्हणाली, गुट, म्हणजे ठीक, आणि खेळायला गेली. उत्तर खरं होतं आणि खरं नव्हतंही. मला वाटलं, एवढ्या लांब आलो ते याचसाठी, की या पोरीला हा प्रश्न कुणी कधी विचारू नये.

आता जावयाच्या आडनावाविषयी. पोरगा चांगला आहे, उंच, सावकाश बोलणारा, कोलोनला ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे. आडनाव मात्र जर्मन नाही, डच आहे. अर्थ साधा: अमुक गावाकडचा. म्हणजे डच भाषेतला आमचा 'कर'च, फक्त आमचा मागे लागतो आणि त्यांचा पुढे. त्याच्या आईने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, की त्यांचे पूर्वज हॉलंडचे कापडाचे मोठे व्यापारी होते आणि धर्माच्या जाचामुळे राइनच्या काठाने वर आले. मी मान डोलावली. आमच्याकडेही ज्याला विचाराल तो मूळचा वतनदारच असतो.

पण भेंडीच्या दिवसानंतर माझं डोकं शांत बसेना. मी रोज संध्याकाळी इंटरनेटवर डच आडनावांच्या मागे लागलो. तिथे एक गंमतशीर गोष्ट सारखी भेटते. फ्रेंच बादशहाने हुकूम काढला की प्रत्येकाने आडनाव नोंदवावं, तेव्हा डच शेतकऱ्यांनी थट्टा म्हणून भलतीसलती नावं नोंदवली, आणि मग ती पिढ्यानपिढ्या गळ्यात पडली. आणखी वाचलं की कळतं, जाणकार यावर हसतात. बहुतेकांना नावं आधीपासूनच होती. आणि ती गावावरून असली, तर ती गावात राहून पडत नाहीत. गावात सगळेच त्या गावचे असतात. गाव सोडून दुसरीकडे गेलं, की तिथले लोक म्हणतात, हा बघा, अमक्या गावचा. हे वाचून मला फार आनंद झाला नाही, उलट राग आला, कारण मला वाटत होतं की ही अक्कल फक्त आमच्या घराण्याची आहे.

मग मी नकाशा उघडला आणि त्या नावाचं गाव हॉलंडमध्ये शोधलं. मिळालं नाही. पुन्हा शोधलं. त्या नावाचं गाव होतं, पण जर्मनीत होतं, सरहद्दीपासून चांगलं आत, वेस्टफालियात. कापडाचे डच व्यापारी आणि गाव जर्मन. मी खुर्चीत मागे रेललो. मला काहीतरी हाती लागल्यासारखं वाटलं. चोर सापडल्यावर पोलिसाला वाटतं, तसंच असावं ते.

त्या रविवारी जावयाच्या आजोबांकडे, म्हणजे पोरगी ज्यांना ओपा म्हणते त्यांच्याकडे, कॉफीला बोलावणं होतं. मुलाचे वडील काही वर्षांपूर्वी वारले. घरात आता त्याची आई आणि हे आजोबा, पंच्याऐंशीच्या पुढचे, अजून स्वतःची बाग स्वतः बघणारे. गाव थेट हॉलंडच्या सरहद्दीवर. ऑटोबानवर मी गाडी चालवत होतो, बायको शेजारी, आणि मागे मुलगी. मुलगा आधीच तिकडे गेला होता. तिने कोलोनला गाडीत बसल्या बसल्या मला सांगून ठेवलं, की आज नावाचा विषय काढायचा नाही. ना तिच्या, ना त्यांच्या. आजोबांना त्या नावाबद्दल विचारलेलं आवडत नाही, घरात कुणी विचारतही नाही. जे काय ठरवायचं ते तिने ठरवलंय आणि या आठवड्यात ते कचेरीत जाऊन सांगायचं आहे.

मी आरशातून तिच्याकडे बघून विचारलं, का पण? आपल्या नावात काय कमी आहे?

ती जर्मनमध्ये म्हणाली, काही कमी नाही, पापा, सोपं पडतं इतकंच. आणि खिडकीबाहेर बघायला लागली. काय सोपं पडतं हे मी विचारलं नाही, कारण मला वाटलं मला कळलं. आळस. स्पेलिंग सांगायचा आळस. वडिलांनी ज्या नावासाठी काय काय सोसलं, ते ही पोरगी उच्चाराच्या कटकटीपायी टाकून देणार. माझा पाय ॲक्सिलरेटरवर दाबला गेला आणि बायको म्हणाली, अहो, वेग बघा.

गावात शिरताना दिव्याच्या खांबांवर निवडणुकीचे फलक होते. एकावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं की आता परत पाठवायची वेळ आली आहे. कुणाला ते लिहिलं नव्हतं. आम्ही तिघांनीही ते वाचलं.

कॉफी बाहेरच्या बंद व्हरांड्यात मांडली होती. चेरीचा केक, फेटलेलं क्रीम, पातळ कप. आजोबा टेबलाच्या टोकाला ताठ बसले होते, इस्त्रीचा शर्ट, हातांना मातीचा रंग. त्यांनी बायकोला प्रवास कसा झाला विचारलं, मला बागेतले बटाटे दाखवायचं कबूल केलं. सगळं ठीक चाललं होतं. मुलाच्या आईने दुसऱ्यांदा केक वाढताना सहज म्हटलं, की घरात पुन्हा एक नवी अमकी येतेय, आणि तिने ते डच आडनाव माझ्या मुलीच्या नावापुढे जोडून म्हणून दाखवलं. मुलगी लाजली. मला ते कानात उकळतं तेल पडल्यासारखं लागलं.

मी कप खाली ठेवला आणि आजोबांकडे वळून हसलो. आपलं आडनाव फार सुंदर आहे, म्हटलं. डच ना? ते म्हणाले, हो. मी म्हटलं, मूळ गाव कुठलं?

मुलीने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मी थांबलो नाही. आजोबा म्हणाले, इथलेच आम्ही. मी म्हटलं, हो, आता इथलेच, पण मूळचे? कारण त्या नावाचं गाव हॉलंडमध्ये तर दिसत नाही. मी शोधलं. त्यांनी कप जरा बाजूला सरकवला. मी विचारलं, पूर्वज नेमकं काय करायचे? कापडाचा व्यापार म्हणे. मग विचारलं, आणि चर्च कुठलं? कॅथलिक की दुसरं? त्यावरून कधीकधी कळतं. मी हे सगळं अतिशय मऊ आवाजात विचारत होतो, चेहऱ्यावर हसू होतं, आणि मला जाणवलं की मला मजा येतेय. शेवटी मी म्हटलं, म्हणजे तुम्ही नेमके… आणि वाक्य अर्धं सोडलं.

आजोबांनी रुमालाने ओठ टिपले, रुमालाची घडी घातली, खुर्ची मागे सारली आणि व्हरांड्याचं दार उघडून बागेत निघून गेले. दार त्यांनी हळूच लावलं. मुलाची आई क्रीमच्या भांड्याकडे बघत राहिली. मुलगा उठून त्यांच्या मागे जाऊ लागला, तेव्हा माझ्या मुलीने त्याचा हात धरला आणि ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिचा कुणीही लागत नाही. तिने खालच्या आवाजात विचारलं, की तुला हे लग्न मोडायचं आहे का? मी म्हटलं, मी साधं गाव विचारलं.

माझी बायको रागावली की तिचा आवाज आणखी खाली जातो. ती मराठीत म्हणाली, "आत्ता तुम्ही कोण बोलत होतात, ते कळलं का तुम्हाला?"

मला कळलं. म्हणजे तिने म्हटल्यावर कळलं. आडनाव, गाव, बापाचा धंदा, देव, आणि अर्धं वाक्य. एकही पायरी मी चुकवली नव्हती. जो पुण्याचा माणूस रांगेत माझ्यामागे उभा राहायचा, तो आज माझ्या खुर्चीत बसून चेरीचा केक खात होता. मी उठलो आणि बागेत गेलो, कारण तिथे बसणं शक्यच नव्हतं.

आजोबा बटाट्यांच्या वाफ्यापलीकडे कुंपणाशी उभे होते. कुंपणापलीकडे एक शेत, शेतापलीकडे उंच झाडांची रांग, आणि त्या रांगेपलीकडे हॉलंड. मी माफी मागितली. जर्मनमध्ये माफी मागताना मला नेहमी कचेरीतल्यासारखं वाटतं, तशीच ती झाली. त्यांनी कुंपणालगतचं एक तण उपटलं. मला वाटलं, आता म्हणतील की निघा. मग ते म्हणाले, तुम्ही गाव बरोबर शोधलंत.

आणि उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं. व्यापारी वगैरे कुणी नव्हतं. ती गोष्ट सुनेला कुठून मिळाली देव जाणे, पण तिला आवडते, तर असू दे. त्यांचे पूर्वज वेस्टफालियातले भूमिहीन. दर उन्हाळ्यात पाठीवर खारवलेलं डुकराचं मांस आणि खांद्यावर विळा घेऊन पायी हॉलंडला जायचे, गवत कापायला आणि दलदलीतून जळणासाठी पीटचे, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीचे, चौकोन काढायला. दिवसभर गुडघाभर पाण्यात. पुष्कळसे तापाने मरायचे. उरलेले हिवाळ्याआधी परत यायचे. त्यातला एक परत आला नाही, तिथेच राहिला. तिथल्या लोकांनी त्याला त्याच्या जर्मन गावावरून हाक मारली, आणि तेच नाव झालं. तिथे ते नाव म्हणजे परका. पुढे काही पिढ्यांनी काम संपलं, तेव्हा त्याचे वंशज विटांच्या भट्टीवर मजुरी करायला सरहद्द ओलांडून इकडे आले, आणि इथे तेच नाव डच ठरलं. इथेही परका. नावात गाव जर्मनच होतं, पण ते कुणाला ऐकू येत नव्हतं.

एवढ्याने काही बिघडलं नसतं, ते म्हणाले. त्यांच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि लोक यायचे. पण दुसरं महायुद्ध हरल्यावर काही वर्षांनी हे गावच डचांच्या ताब्यात गेलं. रातोरात सरहद्द घरांच्या या बाजूला आली. नवा डच अधिकारी आला, त्याने नावं वाचली, आणि वडिलांना बोलावून त्यांच्याशी डचमध्ये बोलायला लागला. वडिलांना डच येत नव्हतं. अधिकाऱ्याला वाटलं हा सोंग करतोय. डच माणूस, जर्मनांत लपून राहिलेला, म्हणजे युद्धात याने नक्की काहीतरी केलं असणार. पुन्हा पुन्हा बोलावून एकच प्रश्न: मूळचे कुठले? आणि वडील घरी आले की शेजारी दारात उभे, तुमचे लोक आलेत, तुमचं बरं आहे. हळूहळू सायकली यायच्या बंद झाल्या. आजोबा तेव्हा दहाएक वर्षांचे, वडिलांबरोबर त्या कचेरीच्या बाकावर बसायचे.

"वडील शेवटी उत्तरच द्यायचे बंद झाले," ते म्हणाले. "मग घरातही बोलायचे बंद झाले."

पुढे गाव परत जर्मनीत आलं, पण वडील तसेच, न बोलताच गेले. मी कुंपणाच्या तारेवर हात ठेवून उभा होतो. आजोबांनी मग माझ्याकडे वळून विचारलं, आणि तुमचं नाव? तुमचं मूळ गाव कुठलं?

त्या प्रश्नावर मी आयुष्यभर कोशिंबीर वाढून घेतली आहे. इथे बटाटे होते. मी त्यांना म्हटलं, सांगतो, पण आत चला. माझ्या मुलीनेही हे ऐकलेलं नाही, आणि दोनदा सांगायची माझ्यात ताकद नाही.

आत गेलो तर मुलगी आणि मुलगा कोट घालून उभे होते. मी बसा म्हटलं. मी उभा राहूनच बोललो, जर्मनमध्ये बोललो, आणि जर्मनमध्येच बोलू शकलो. मराठीत पहिलं वाक्यही पुरं झालं नसतं. विहिरीचं सांगितलं. हजेरीचं सांगितलं. शाळेतल्या त्या त्रिकोणाबद्दल मी तिला जे उत्तर दिलं होतं ते अपुरं होतं, हेही सांगितलं. आपण त्यात कुठे होतो ते सांगितलं. माझ्या वडिलांनी गावाचं नाव कसं आणि का उचललं ते सांगितलं. बायको खाली मान घालून ऐकत होती. तिच्या माहेरीही हेच झालेलं होतं, फक्त गाव वेगळं.

मुलीने विचारलं, की त्याआधीचं नाव काय होतं?

ते नाव मी मोठ्याने कधी उच्चारलेलं नव्हतं. घरात ते कुणी घेत नसे. वडिलांनीही मला सांगताना हळू आवाजात सांगितलं होतं आणि आधी खोलीचं दार लावलं होतं. मी ते उच्चारलं. आपोआप माझी नजर सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून फिरली, सवयीने, आता काय बदलतंय ते बघायला. काहीही बदललं नाही. मुलाच्या आईने ते पुटपुटून बघितलं. आजोबांनी त्यातलं एक अक्षर नीट जमेना म्हणून मला पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं. त्यांच्यासाठी तो नुसता आवाज होता, कुठल्याही दुसऱ्या नावासारखा.

मला एकदम हलकं वाटलं. इतकं, की मी बसलो आणि उरलेला केक खाल्ला. मी मुलीला म्हटलं, बघितलंस? इथे कुणाला काही फरक पडत नाही. म्हणूनच म्हणतो, आपलं नाव ठेव. तुझ्या आजोबांनी मिळवलेलं आहे. तिकडे लोक विचारतील म्हणून भीती असते, इथे कोण विचारतंय?

तिच्याआधी मुलाचे आजोबाच बोलले. माझ्या मुलीला म्हणाले, की आमचं नाव घेऊ नकोस. शांतता असते तोवर कुणी काही म्हणत नाही, पण वेळ आली की विचारतात, मूळचे कुठले.

"मला रोजच विचारतात, ओपा," ती म्हणाली.

तिने ते इतक्या सहज म्हटलं, की आधी माझ्या लक्षातच आलं नाही. मग तिने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि सांगायला लागली. कुठली तू? बॉनची. नाही, म्हणजे मूळची? ती काम करते त्या प्रयोगशाळेत, ट्राममध्ये, दातांच्या डॉक्टरकडे. चांगले लोकही विचारतात, हसून विचारतात. आणि गेले कितीतरी महिने ती कोलोनला दोघांसाठी घर शोधत होती. चांगल्या जर्मनमध्ये मेल लिहायची, नोकरी काय, पगार काय, सगळं. खाली आपलं नाव. उत्तर नाही. आठवडेच्या आठवडे एकही उत्तर नाही. मग एके दिवशी तिने शब्दन् शब्द तोच मेल पाठवला आणि खाली त्याचं आडनाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी घर बघायला बोलावणं आलं. चेहरा बदलता येत नाही, ती म्हणाली, पण दार उघडल्यावर चेहरा दिसतो. दार तरी उघडलं पाहिजे.

मुलगा तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. त्याला हे सगळं माहीत होतं, हे त्याच्याकडे बघून कळत होतं. बायकोने डोळ्यांना पदर लावायचा तर पदर नव्हता, ओढणीचं टोक लावलं. मी मात्र गाडीत मागे बसलेली ती पोर आठवत होतो, सोपं पडतं म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली ती. मी त्याला आळस समजलो होतो. माझ्या वडिलांनी जे केलं, ज्या कारणासाठी केलं, तेच ती करत होती, आणि त्यांचं तिला ठाऊकही नव्हतं. मी तिला या प्रश्नापासून लांब आणलंय अशी माझी समजूत होती, आणि तिला तो रोज पडत होता.

मी विचारलं, एवढे महिने? मग मला का नाही सांगितलंस?

ती नेहमी जर्मनमध्ये उत्तर देते. या वेळी तिने मराठीत दिलं, अडखळत, शब्द शोधत.

"तू तरी कुठे सांगितलंस, बाबा?"